सुंठीवाचून खोकला गेला; पण न गेला तर?



मागच्या रविवारी चेंबूरच्या एका वस्तीतील विहारात वंदना आटोपून आम्ही पायऱ्या उतरत होतो. तेवढ्यात एका ताईंनी आम्हाला थांबवले. त्यांच्या यजमानांची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून रक्त पातळ राहण्याच्या दोन गोळ्या रोज चालू आहेत. त्यात पंधरा-वीस दिवसांपासून खोकला सुरू झाला. ताई रोज तीन वेळा सुंठ, मिरे आणि गुळाचा काढा करून देतात. शेजारच्या मावशींनी वर सांगितले की, आल्या-लसणाचा रस घेतला तर हृदयातील गाठी विरघळतात आणि गोळ्यांची गरजच राहत नाही. ताई म्हणाल्या, "दादा, तुम्ही पेपरात लिहिता ना? मग सांगा, काढा देऊ की नको? आणि गोळ्या बंद केल्या तर चालेल का?"

प्रश्न एका घरचा होता, पण तो आपल्या बहुतेक घरांचा आहे. म्हणून या आठवड्याचे सदर आल्यावर आणि सुंठीवर. ताईंना आम्ही तिथेच उत्तर दिले. तेच उत्तर कारणांसह येथे देत आहोत.

म्हण काय सांगते?

'सुंठीवाचून खोकला गेला' ही म्हण आपण कधी वापरतो? एखादी कटकट आपण काही न करता आपोआप टळली म्हणजे. पण या म्हणीत वैद्यकाचेही एक सत्य दडलेले आहे. सर्दी-पडशाचा साधा खोकला बहुतेक वेळा आपला आपणच जातो. शरीर जंतूंशी लढते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत माणूस बरा होतो. त्या दिवसांत आपण सुंठ घेतली असेल तर श्रेय सुंठीला देतो. सुंठीने घशाला आराम दिला हे खरे, पण खोकला शरीरानेच घालवला.

यातून दोन गोष्टी निघतात. सुंठ हा उतारा आहे, सर्व रोगांवरचे रामबाण औषध नव्हे. आणि जो खोकला दोन आठवड्यांनंतरही जात नाही, तो साधा खोकला नसतो. तो सुंठीने जायचा नाही. त्याचे कारणच शोधावे लागते.

भगवान बुद्धांनी घालून दिलेली मर्यादा

आल्याशी आपल्या धम्माचे नाते फार जुने आहे. विनयपिटकातील महावग्गात औषधांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. आजारी भिक्खूंना औषधी मुळ्यांची गरज पडली, तेव्हा तथागतांनी ज्या मुळ्या वापरायला परवानगी दिली त्यांत हळद, आले, वेखंड, अतिविष, कुटकी, वाळा आणि नागरमोथा यांची नावे आहेत. आल्याचा पाली शब्द आहे 'सिंगिवेर'. याच जुन्या भारतीय शब्दावरून ग्रीक, लॅटिन आणि पुढे इंग्रजीतील 'जिंजर' हा शब्द तयार झाला. मुळ्या कुटायला साधन हवे म्हणून दगडी पाटा आणि वरवंटा वापरण्याचीही परवानगी तिथेच दिलेली आहे. म्हणजे आपल्या आया-आज्या पाट्यावर आले ठेचत आल्या, त्या रीतीला अडीच हजार वर्षांची ओळख आहे.

पण त्या परवानगीला एक अट होती, आणि आम्हाला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. भिक्खूने ही मुळी जन्मभर जवळ ठेवावी, पण कारण असेल तेव्हाच घ्यावी. कारण नसताना घेणे हा दोष मानला गेला. औषध हे औषध म्हणून, कारणापुरते आणि मोजून. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा नियम आजचा कोणताही शहाणा डॉक्टर मान्य करील.

जीवक वैद्यांची कथा आपल्याला ठाऊक आहे. तक्षशिलेला त्यांच्या गुरूंनी त्यांना औषधी नसलेली एक तरी वनस्पती शोधून आणायला सांगितले आणि त्यांना तशी एकही सापडली नाही. या कथेचा अर्थ सगळे काही चांगले, कितीही खावे, असा नाही. ज्यात औषध होण्याची ताकद आहे, त्यात अपाय करण्याचीही ताकद असते. म्हणून ते ओळखायला जीवकांसारखे सात वर्षे शिकावे लागते.

आल्यात असते तरी काय?

आले म्हणजे झाडाचे मूळ असे आपण म्हणतो. खरे तर तो जमिनीखाली वाढणारा खोडाचा भाग आहे. आपल्या महाराष्ट्रात सातारा आणि छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) या जिल्ह्यांत आल्याची मोठी शेती होते. 'माहीम' नावाची जात आपल्याकडे प्रसिद्ध आहे. उन्हाळ्याच्या शेवटी लावलेले आले तयार व्हायला आठ-नऊ महिने लागतात.

ओल्या आल्याचा तिखटपणा 'जिंजरॉल' नावाच्या द्रव्यामुळे असतो. आले वाळवले की त्यातील काही जिंजरॉलचे 'शोगाओल' होते आणि ते अधिक तिखट असते. म्हणून सुंठ आल्यापेक्षा जहाल लागते. शिवाय आल्यात बराचसा भाग पाण्याचा असतो. पाच किलो ओले आले वाळवले तर साधारण एक किलो सुंठ मिळते. म्हणजे एक चमचा किसलेले आले आणि एक चमचा सुंठ पूड ही एक मात्रा नव्हे. पुष्कळ घरांत चूक होते ती इथेच.

बाजारात आल्याचा वाटा घेताना गड्डे टणक आणि सालीला सुरकुत्या नसलेले घ्यावेत. बोट मोडले तर काडकन मोडले पाहिजे. बुरशी धरलेले किंवा आतून काळे पडलेले आले कापून वापरू नये, टाकून द्यावे. नुसता कोंब आला असेल तर हरकत नाही. माती ब्रशने घासून धुवावी. सुंठ घेताना पांढऱ्याशुभ्र रंगावर भुलू नये. चुना लावून पांढरी केलेली सुंठ बाजारात असते. भुरकट रंगाची, वास असलेली सुंठ बरी. शक्यतो अख्खी घ्यावी आणि घरी कुटावी.

उपयोग कुठे होतो?

आता आल्याचे खरे गुण पाहू. जिथे तपासण्या झाल्या आहेत तिथे तसे सांगतो, आणि जिथे फक्त अनुभव आहे तिथे अनुभव म्हणतो.

मळमळ आणि उलटी : आल्याचा सर्वांत चांगला पुरावा इथे आहे. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत सकाळी उमासे येतात, त्यांवर आल्याच्या तपासण्या अनेक देशांत झाल्या आणि बऱ्याच स्त्रियांना आराम पडला. तपासण्यांत वापरलेली मात्रा दिवसभरात मिळून साधारण एक ग्रॅम सुंठ पूड इतकीच होती, तीही चार वेळा विभागून. एक ग्रॅम म्हणजे चहाचा अर्धा चमचा, सपाट. याहून जास्त घेऊन जास्त गुण येत नाही. आणि गरोदर भगिनीने हे सुद्धा आपल्या डॉक्टरांना किंवा आरोग्यसेविकेला विचारूनच घ्यावे.

प्रवासात लागणे : एसटीच्या घाटात ज्यांना उलटी होते, त्यांना आल्याचा तुकडा चघळायला देण्याची रीत आहे. डेन्मार्कमध्ये नौदलाच्या ८० शिकाऊ खलाशांवर याची तपासणी झाली आणि ती १९८८ साली प्रसिद्ध झाली. खवळलेल्या समुद्रात एक ग्रॅम सुंठ घेतलेल्यांना उलट्या आणि थंड घाम कमी झाला. मळमळ मात्र फारशी कमी झाली नाही. अशा इतर तपासण्यांचे निकाल एकसारखे आलेले नाहीत. तेव्हा करून पाहावे, पण भरवसा धरू नये.

पोटात गुबारा, अपचन : जेवणाआधी आल्याचा नखाएवढा तुकडा, लिंबू आणि किंचित मीठ लावून चावून खाल्ला तर तोंडाला पाणी सुटते आणि पोट हलके वाटते. आल्यामुळे जठरातील अन्न पुढे सरकायला मदत होते, असे तपासण्यांत दिसले आहे. ज्यांना बीपी आहे त्यांनी मीठ लावू नये.

सर्दी आणि घसा : गरम पाण्यात आले उकळून घोट-घोट प्याले की घसा शेकतो, कफ सैल होतो, बरे वाटते. यात गरम पाण्याचा वाटाही मोठा आहे. हा आराम आहे, जंतूंवरचा इलाज नाही.

पाळीच्या दिवसांतील पोटदुखी : पहिल्या दोन-तीन दिवसांत सुंठ घेतल्याने दुखणे कमी झाल्याचे काही तपासण्यांत आढळले आहे. पण दर महिन्याला अंथरूण धरावे लागेल इतके दुखत असेल, किंवा रक्तस्राव फार होत असेल, तर मुलीला दवाखान्यात न्यावे. "बाईच्या जातीला हे चालायचंच" असे म्हणून तिला गप्प बसवू नये.

गुडघेदुखी : दिवसभर उभे राहून धुणी-भांडी करणाऱ्या आपल्या भगिनींचे गुडघे पन्नाशीच्या आतच बोलू लागतात. सुंठीने थोडा फरक पडतो असे दिसते, पण तो थोडाच.

काढा करायचा तर असा

एका माणसासाठी : आल्याचा नखाएवढा तुकडा, साधारण दोन ग्रॅम, ठेचून एक मोठा कप पाण्यात घालावा. पाच-सात मिनिटे मंद आचेवर उकळावे, गाळावे, कोमट झाल्यावर प्यावे. गोडीसाठी थोडा गूळ चालेल. सुंठ वापरायची तर चिमूटभर, पाव चमच्यापेक्षा कमी. दिवसातून दोन वेळा पुरे. उपाशीपोटी नको. काळा, तिखटजाळ, घसा भाजेल असा काढा म्हणजे जोरदार औषध नव्हे. तो नुसता पोटाला ताप.

२०२० च्या कोरोनाच्या काळात केंद्राच्या आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरे, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदा-दोनदा घ्यायला सांगितले होते. काही घरांत तो पाच-पाच वेळा झाला. पुढे छातीत जळजळ, तोंड येणे आणि आंबट ढेकर यांची तक्रार घेऊन तीच माणसे आली. सांगितले होते एकदा-दोनदा, पण भीतीपोटी मोजमाप राहिले नाही.

कोणी जपून राहावे?

स्वयंपाकातील आले, चहातील आले, याने बहुतेकांना काही होत नाही. प्रश्न येतो तो रोजच्या काढ्याचा, चमच्याने खाल्लेल्या सुंठीचा आणि बाटलीतील अर्काचा. पुढील माणसांनी सावध असावे.

ज्यांना ॲसिडिटी आहे, छातीत जळजळते किंवा पोटात अल्सर सांगितला आहे त्यांनी काढा घेऊ नये. आल्याचा सर्वांत जास्त दिसणारा त्रास हाच : जळजळ, पोटात आग, कधी जुलाब. रात्रपाळी करून रिकाम्या पोटी आल्याचे कडक चहा घेणाऱ्यांना हा अनुभव असेलच.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे, म्हणजे वॉरफरिन, ॲसिट्रोम, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन, एकोस्प्रिन : आले रक्त गोठण्याच्या कामात थोडा अडथळा आणू शकते. गोळी आणि भरपूर आले एकत्र आले तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. भाजीतील आले चालेल. रोजचा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. हिरड्यांतून रक्त, अंगावर कारण नसताना काळे-निळे डाग किंवा डांबरासारखी काळी शौचास दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

ज्यांचे ऑपरेशन ठरले आहे त्यांनी काढा, अर्क, चूर्ण काय काय घेतो ते सर्व डॉक्टरांना सांगावे. साधारण दोन आठवडे आधीपासून ते बंद ठेवायला सांगितले जाते. "घरगुतीच तर आहे, काय सांगायचे?" असे म्हणून लपवू नये.

मधुमेही : आल्याने रक्तातील साखर थोडी उतरू शकते. गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना काढाही जोरात घेतला तर साखर जास्त खाली जाऊन चक्कर, घाम, थरथर होऊ शकते. उलट आलेपाकात अर्ध्याहून जास्त साखरच असते. लोकलमध्ये, स्टेशनाबाहेर मिळणाऱ्या आलेपाकाच्या वड्या खोकल्यावर म्हणून मधुमेही माणूस दिवसभर चघळत राहिला, तर खोकल्यापेक्षा साखरच त्याला छळेल. परमपूज्य बाबासाहेबांनाही मधुमेहाने फार त्रास दिला. ज्यांच्याशी त्यांचा १५ एप्रिल १९४८ रोजी विवाह झाला त्या माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या आणि बाबासाहेबांच्या पथ्यपाण्यावर त्यांचे लक्ष असे. आपल्या घरातील मधुमेह्याकडेही असेच कोणाचे तरी लक्ष हवे.

पित्ताशयात खडे असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावे. गरोदरपणाच्या शेवटच्या दिवसांत, किंवा अंगावरून रक्त जात असेल तर सुंठीचे प्रयोग करू नयेत. उलट्या इतक्या की पाणीही ठरत नाही, लघवी कमी झाली, तर तिला आल्याच्या रसावर घरात ठेवू नये. तिला सलाईनची गरज असते.

तान्ही बाळे : याविषयी थोडे स्पष्ट बोलू. सहाणेवर सुंठ, वेखंड, हळकुंड उगाळून बाळाला घुटी चाटवण्याची रीत आपल्या घरांत अजून आहे. आजीचे प्रेम खरे आहे. पण पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही लागत नाही, पाणीसुद्धा नाही. उघडी सहाण, हात, बाजारातील मुळ्या यांतून जंतू पोटात जातात आणि जुलाब लागतात. वेखंडाची मात्रा चुकली तर बाळाला विषबाधा होऊ शकते. आणि एक वर्षाच्या आत मध मुळीच चाटवू नये. मधात अशा जंतूंचे बीज असू शकते की जे लहान बाळाचे स्नायू लुळे पाडते. मोठ्या मुलाला खोकल्यावर अर्धा चमचा मध चालतो. बाळाची छाती आत ओढली जात असेल, श्वास भराभर चालत असेल, तर घुटी आणि शेक बाजूला ठेवून थेट रुग्णालयात धाव घ्यावी.

मोबाईलवरचे वैद्य

आता ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. आले, लसूण, लिंबू यांचा रस, सफरचंदाचा व्हिनेगर आणि मध एकत्र करून घेतले की हृदयाच्या बंद नळ्या उघडतात, असा निरोप मोबाईलवर वर्षानुवर्षे फिरतो आहे. खाली कधी मोठ्या डॉक्टरांचे नाव असते, कधी "दहा जणांना पाठवा" असा हुकूम असतो. या मिश्रणाने साठलेली चरबी विरघळून नळी उघडते, याला आधार नाही. पण यावर विसंबून जो माणूस अँजिओप्लास्टीनंतरच्या गोळ्या बंद करतो, त्याच्या नळीत बसवलेल्या स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी अडकू शकते आणि माणूस तासाभरात जाऊ शकतो. गोळ्यांचा खर्च परवडत नसेल तर तसे डॉक्टरांना सांगावे. त्याच औषधाच्या स्वस्त गोळ्या मिळतात. पण आपल्या मनाने गोळी बंद करू नये.

केसपुत्त गावच्या कालाम लोकांना भगवंतांनी काय शिकवले? परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून काही मान्य करू नका. स्वतः पारखा, हित होते का ते पाहा, मग स्वीकारा. हा उपदेश बुवाबाजीला लागू आहे, तसाच तो मोबाईलच्या निरोपालाही लागू आहे. आणि तो आमच्या या सदरालाही लागू आहे. आम्ही लिहिले म्हणून मानू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा.

आणि खोकला न गेला तर?

चेंबूरकरांना खोकल्याची सवय झाली आहे, आणि हीच मोठी भीतीची गोष्ट आहे. एका बाजूला तेल शुद्धीकरणाचे आणि खतांचे कारखाने, दुसऱ्या बाजूला देवनारचा कचरा. माहुल आणि आंबापाड्याच्या हवेचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला आणि तिथल्या रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे लवादाने २०१५ साली मान्य केले. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचे डम्पिंग ग्राउंड पेटले तेव्हा धुराने आपले डोळे आणि छाती कशी भरून आली होती, ते अनेकांना आठवत असेल. अशा हवेत कोणी खोकला की आपण म्हणतो, "गॅसचा आहे, काढा घे." हवेचा खोकला आणि क्षयाचा खोकला कानाला सारखाच ऐकू येतो. फरक तपासणीनेच कळतो.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ नाक्यावर उभे राहून रोजाने बिगारी काम करीत. दोन महिने खोकत होते. घरात सुंठ, मिरे, आलेपाक सगळे झाले. दवाखान्यात का गेला नाहीत, असे विचारल्यावर त्यांची पत्नी म्हणाली, "दादा, दवाखान्याच्या लाईनीत सकाळ गेली की त्या दिवसाचा रोज गेला. मग संध्याकाळी चूल कशाची?" या बाईला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. तिचा हिशेब चुकीचा नव्हता, अपुरा होता. एका दिवसाचा रोज वाचवताना पुढे चार महिने ते कामावर जाऊ शकले नाहीत. थुंकी तपासली तेव्हा क्षय निघाला. घरातील सर्वांची तपासणी झाली आणि शाळेत जाणाऱ्या मुलीलाही औषध सुरू करावे लागले. आज दोघेही बरे आहेत. पण पहिल्या पंधरवड्यानंतरच तपासले असते तर कदाचित मुलगी वाचली असती.

क्षयाच्या जंतूचा शोध रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला. तो जंतू आल्याने मरत नाही, सुंठीने मरत नाही, लसणाने मरत नाही. तो ठरलेल्या गोळ्या ठरलेले महिने रोज घेतल्यानेच मरतो. साध्या क्षयाला साधारण सहा महिने लागतात. म्हणून लक्षात ठेवा : दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणे, भूक मरणे, थुंकीत रक्त. यांपैकी काहीही असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या. महापालिकेच्या दवाखान्यात विचारा, किंवा गोवंडीचे शताब्दी, घाटकोपरचे राजावाडी, सायनचे रुग्णालय गाठा. सरकारी कार्यक्रमात तपासणी आणि औषध मोफत आहे. उपचार चालू असताना खाण्यापिण्यासाठी निक्षय पोषण योजनेतून रुग्णाच्या बँक खात्यात दरमहा पैसे जमा होतात. एप्रिल २०१८ पासून ही रक्कम ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून ती १००० रुपये झाली. नाव नोंदताना बँकेचे पासबुक जवळ ठेवा.

आणखी एक गोष्ट. क्षयाच्या गोळ्यांनी सुरुवातीला मळमळते. तेव्हा घरचे लोक आल्याचा रस देतात. साध्या मळमळीला आल्याचा तुकडा चालेल, पण वारंवार उलट्या, डोळे पिवळे, लघवी गडद, भूक पूर्ण बंद असे झाले तर ती यकृताला सूज आल्याची खूण असू शकते. अशा वेळी आल्याने उलटी दाबत बसू नये. त्याच दिवशी उपचार केंद्रात जाऊन सांगावे. गोळ्या बदलायच्या, थांबवायच्या की चालू ठेवायच्या ते त्यांनीच ठरवावे.

शेवटी

त्या ताईंना आम्ही सांगितले : "ताई, भाजीतले आणि चहातले आले राहू द्या. तीन वेळचा काढा आजच थांबवा. गोळ्या एक दिवसही चुकवू नका. आणि खोकल्याला पंधरा दिवस होऊन गेले आहेत, तेव्हा उद्याच यजमानांना घेऊन दवाखान्यात जा. हृदयाच्या आजारानेही खोकला येतो, बीपीच्या काही गोळ्यांनीही येतो, क्षयानेही येतो. कशाने येतो ते कळू द्या." त्या म्हणाल्या, "एकटीनं जायला भीती वाटते." तेव्हा विहारातील एक तरुण मुलगा पुढे झाला आणि म्हणाला, "मावशी, मी येतो बरोबर. सकाळी आठला केसपेपर काढू."

आम्हाला त्या मुलाचे कौतुक वाटले. अतिसाराने आजारी पडून आपल्याच घाणीत लोळत असलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुऊन पुसून अंथरुणावर निजवले आणि संघाला आजाऱ्याची सेवा करायला सांगितले. ती सेवा आज आपल्या वस्तीत कशी करायची? शेजाऱ्याला काढ्याची कृती सांगून आपण मोकळे होतो. त्याऐवजी त्याच्याबरोबर रुग्णालयाच्या रांगेत उभे राहावे. प्रत्येक विहारात दोन तरुण, दोन भगिनी असे ठरवून ठेवावे की, ज्याला सोबत नाही त्याच्याबरोबर ते जातील. एकाचा रोज बुडणार असेल तर चार घरांनी मिळून तो भरून द्यावा. आपल्या समाजाने याहून मोठी कामे वर्गणीतून केली आहेत.

आले घरात असू द्या, सुंठ डब्यात असू द्या. कारण असेल तेव्हा मोजून घ्या. आणि सुंठीने खोकला गेला नाही, तर सुंठ वाढवू नका, तपासणी करा.

जय भीम! नमो बुद्धाय!